एक सर्व्हर आणि सहस्र क्लायंट

परीक्षेचा निकाल ज्या घटकेस संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो, त्या घटकेस हजारों घरांतून एकाच ठिकाणीं एकदम मागणी जाते, आणि पुष्कळदां पान उघडतच नाहीं. मुलगा रडकुंडीस येतो, आईबापांचा जीव टांगणीस लागतो, आणि सर्वांचा समज असा होतो कीं यंत्र दुबळें असावें. पण यंत्राच्या बळाइतकीच त्याची वाट पाहण्याची रीतही येथें महत्त्वाची असते. तीच आज समजावून घ्यावयाची आहे.

मागणी पुरविणाऱ्या प्रोग्रामास सर्व्हर व मागणी करणाऱ्यास क्लायंट म्हणतात. दोहोंमध्यें जुळलेल्या संबंधाचें जें टोंक प्रोग्रामाच्या हातीं असतें, तें सॉकेट. पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंतच असल्यामुळें सर्व्हरला तितकेच क्लायंट जोडतां येतात, असें कित्येक विद्यार्थी मानतात. तें बरोबर नाहीं. प्रत्येक संबंध दोन्ही बाजूंचे पत्ते व दोन्ही बाजूंचे पोर्ट या चार गोष्टींनीं ओळखला जातो. म्हणून सर्व्हरच्या एकाच पोर्टावर लक्षावधि क्लायंट राहूं शकतात.

सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक क्लायंटसाठीं एक स्वतंत्र थ्रेड नेमणें. क्लायंट बोलेपर्यंत तो थ्रेड झोंपून राहतो. शंभर क्लायंटांस ही रीत उत्तम. दहा हजारांस मात्र थ्रेडांची अदलाबदल करण्यांतच यंत्राचा बराच वेळ जातो.

दुसरी रीत सिलेक्टची. बर्कली येथील १९८३ च्या ४.२ बीएसडी या प्रणालींत ती आली. येथें एकच थ्रेड सर्व सॉकेटांची यादी कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हातीं देतो आणि कर्नेल वर्गांतील हजेरीप्रमाणें प्रत्येकास तपासतें. यादींत बहुधा १,०२४ सॉकेटेंच मावतात. पोल या रीतीनें ती मर्यादा काढली, परंतु हजेरी राहिलीच: बोलणारे तिघे असले तरी तपासणी सर्वांची.

१९९९ सालीं डॅन केगेल यांनीं एका यंत्रानें एकाच वेळीं दहा हजार क्लायंट कसे सांभाळावे, हा प्रश्न ठळकपणें मांडला. फ्रीबीएसडीमध्यें २००० सालीं केक्यू व लिनक्समध्यें २००२ सालीं एपोल आलें. येथें यादी एकदांच नोंदवावयाची. ज्याच्याकडून मजकूर येईल त्याचें नांव कर्नेल निराळ्या रांगेंत ठेवतें, आणि सर्व्हरच्या हातीं तेवढीच रांग पडते. हात वर करणाऱ्याकडेंच शिक्षकानें जावें, तसें हें आहे. गप्प बसलेल्यांचा भार जवळजवळ पडत नाहीं.

यांत शिस्त मात्र कडक लागते. एकाच क्लायंटपाशीं खोळंबलें कीं सारेच खोळंबतात. म्हणून डेटाबेसांतून निकाल शोधण्यासारखें सावकाश काम दुसऱ्या थ्रेडांकडे सोंपवावें लागतें, आणि डेटाबेसच मंद असेल तर एपोल तरी काय करणार? शिवाय टीसीपी हा अक्षरांचा अखंड प्रवाह आहे. बैठक क्रमांकाचे चार अंक आतां व उरलेले थोड्या वेळानें येतील, म्हणून प्रत्येकाचा अर्धवट मजकूर निराळा जपून ठेवावा लागतो. उत्तर पाठवितांनाही तेंच. दूरच्या खेड्यांत मोबाइलचा संकेत क्षीण असला, तर त्या क्लायंटसाठीं राखलेली जागा भरून जाते. अशा वेळीं सर्व्हरनें उरलेलें उत्तर बाजूस ठेवावें, जागा होतांच कळवावें असें एपोलला सांगावें, आणि पुढच्याकडे वळावें.