पशुपरिचारिकांचें मत व त्यांचें मंडळ

आपल्या मासिकांत गुरांच्या रोगांविषयीं, चाऱ्याविषयीं व पैदाशीविषयीं पुष्कळ माहिती येत असते; परंतु गुरांस औषधोपचार करणाऱ्या माणसांचा कारभार कसा चालतो व त्यांस नियम कोण घालून देतो, हा विषय सहसा कोणी हातीं घेत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आमचें आयुष्य नोंदवह्या, याद्या व हक्कपत्रकें यांतच गेलें. त्यामुळें कोणत्याही धंद्याची गोष्ट निघाली कीं, त्यांतील माणसांची नोंद कोठें आहे व त्या नोंदीबरोबर त्यांस बोलण्याचा हक्क किती मिळतो, हाच प्रश्न आम्हांस प्रथम सुचतो. त्याच दृष्टीनें ब्रिटनमधील पशुपरिचारिकांच्या मंडळाची व त्याच्या निवडणुकीची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

इतक्या दूरच्या विषयाकडे वळण्याचें कारण मात्र घरचेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका गाईची कास कुंपणाच्या तारेनें फाटली. पशुवैद्यांनीं येऊन टांके घातले व ते दुसऱ्या गांवीं निघून गेले. तसें करणें त्यांस भागच होतें, कारण त्यांच्याकडे गांवें पुष्कळ. पुढें अकरा दिवस रोज सकाळीं दवाखान्यांतील व्रणोपचारक येई, जखम धुऊन मलमपट्टी करी, गाईच्या अंगांत ताप आहे कीं काय तें पाही, आणि कांहीं वेगळें दिसल्यास पशुवैद्यांस कळवी. गाय वांचली व पुन्हां दुधास आली. श्रेय कोणाचें असें कोणी विचारल्यास आम्ही दोघांचें म्हणूं. परंतु पशुवैद्यांचें नांव कायद्यानें ठेवलेल्या नोंदपटांत असतें व आपल्या परिषदेचे सभासद निवडतांना त्यांस मत असतें. त्या व्रणोपचारकास यांपैकीं कांहींच नाहीं. असल्या दुसऱ्या हातांस ब्रिटनमध्यें नोंद व मत हीं दोन्ही मिळालीं आहेत. तीं कशीं मिळालीं व आज त्यांची स्थिति काय आहे, हें समजून घेण्यासारखें आहे.

ब्रिटनमधील पशुवैद्यांची नियामक संस्था 'रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स' ही होय. नांवांत कॉलेज असलें तरी तें विद्यार्थ्यांस शिकविण्याचें विद्यालय नव्हे. धंद्यांत कोणास घ्यावें, कोणास वगळावें व वर्तणुकीचे नियम कोणते असावे, हें ठरविणें हें तिचें काम. तिला १८४४ सालीं राजसनद मिळाली, व पुढें १९६६ च्या पशुवैद्य कायद्यानें तिचे अधिकार निश्चित झाले.

पशुपरिचारिकांचा इतिहास याहून बराच अलीकडचा आहे. १९०८ सालीं इंग्लंडांत कुत्र्यांच्या शुश्रूषेचें शिक्षण देण्यासाठीं एक संस्था निघाली. परंतु या कामास कॉलेजची रीतसर मान्यता मिळण्यास अर्धें शतक लोटावें लागलें. १९६१ सालीं कॉलेजनें शिक्षणाची व परीक्षेची योजना सुरू केली. तेव्हांही त्यांस 'नर्स' म्हणवून घेण्याची मोकळीक नव्हती, कारण माणसांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा त्या नांवास विरोध होता. म्हणून त्यांस 'सहायक' अशा अर्थाचें एक लांबलचक नांव देण्यांत आलें. १९६५ सालीं त्यांनीं आपला संघ स्थापन केला, आणि १९८४ सालीं त्यांस 'व्हेटरिनरी नर्स' हें नांव मिळालें. नांव मिळण्यास तेवीस वर्षें लागलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आम्ही येथें परिचारिका असें लिहितों, कारण या धंद्यांत बहुतेक स्त्रियाच आहेत; परंतु पुरुषही त्यांत आहेत व नियम दोघांस सारखेच लागू आहेत.

नांवानंतर कामाचा हक्क आला. १९९१ सालीं कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत दुरुस्ती होऊन, पशुवैद्यांच्या सांगण्यावरून पाळीव जनावरांस औषधोपचार करण्याची व शरीराची पोकळी उघडावी लागत नाहीं अशी लहानसहान शस्त्रक्रिया करण्याची मोकळीक परिचारिकांस मिळाली. ही मोकळीक प्रथम कुत्रीं, मांजरें अशा घरांत पाळलेल्या जनावरांपुरतीच होती. २००२ सालच्या दुरुस्तीनें ती गाई, मेंढ्या, घोडे अशा सर्व जनावरांस लागू झाली. रोगाचें निदान करणें व औषध ठरवून देणें हें मात्र पशुवैद्यांचेंच काम राहिलें. इंजेक्शन देणें, रक्त काढणें, जखम शिवणें, बेशुद्ध केलेल्या जनावरावर नजर ठेवणें, हीं कामें परिचारिका करूं शकतात.

त्याच २००२ सालीं कॉलेजमध्यें परिचारिकांचें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. २००७ सालीं त्यांचा नोंदपट सुरू झाला. २०११ पासून गैरवर्तणुकीबद्दल चौकशी करून नांव कमी करण्याची व्यवस्था अमलांत आली. पुढें २०१५ च्या नव्या सनदेनें नोंदलेल्या परिचारिकांस कॉलेजच्या सहसभासदांचा दर्जा मिळाला. आमच्या खात्यांत ज्याचे नांवें जमीन त्याचे नांवें सारा, अशी रीत असे. येथेंही तसेंच झालें. नोंद झाली म्हणजे दरवर्षीं फी भरावयाची, दरवर्षीं पंधरा तास नवें शिक्षण घ्यावयाचें, व चूक झाल्यास चौकशीस उभें राहावयाचें. ज्यांच्यावर एवढी जबाबदारी पडली त्यांस ती ठरविणाऱ्या मंडळांत आवाज असावा, हें न्यायाचेंच होय.

आतां या मंडळाची रचना पाहूं. त्यांत चौदा सभासद असावे अशी योजना आहे. सहा परिचारिका निवडून आलेल्या, दोन परिचारिका नेमलेल्या, चार सभासद धंद्याबाहेरचे नेमलेले, व दोन पशुवैद्य कॉलेजच्या मुख्य कौन्सिलांतून आलेले. परिचारिकांचें शिक्षण कसें असावें, नोंद कोणत्या अटींवर व्हावी व वर्तणुकीचे नियम कोणते, या प्रश्नांचा विचार हें मंडळ करतें. २०१८ च्या सुधारणेनें चोवीस जणांच्या मुख्य कौन्सिलांतही परिचारिकांस दोन जागा देण्यांत आल्या. चोवीसांत दोन म्हणजे फारशा नव्हेत. परंतु जेथें पूर्वीं दाराबाहेर उभें राहावें लागे तेथें दोन खुर्च्या मिळाल्या, हेंही थोडें नव्हे.

निवडणुकीची पद्धति अशी चालत आली. सहा जागांपैकीं दोन जागा दरवर्षीं रिकाम्या होत व निवडून आलेल्या परिचारिकेची मुदत तीन वर्षांची असे. नोंदपटावर नांव असलेल्या परिचारिकेनें जानेवारीअखेर उमेदवारीचा अर्ज करावयाचा, व त्यास नोंदलेल्या दोन परिचारिकांचा पाठिंबा असावा लागे. अर्जाबरोबर उमेदवार आपली थोडक्यांत माहिती व आपलें म्हणणें लिहून देत. मतदारांनीं पाठविलेल्या प्रश्नांचीं उत्तरेंही त्यांस द्यावीं लागत. वसंत ऋतूंत मतदान होई व उन्हाळ्यांत नवे सभासद जागा घेत. मतपत्रिकेसाठीं दूर जाण्याचेंही कारण नसे, घरबसल्या मत देतां येई.

उमेदवार उभी राहते ती कशासाठीं? येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें मंडळ म्हणजे परिचारिकांचा पगार वाढवून घेणारा संघ नव्हे. तें काम ज्याच्या त्याच्या मालकाशीं होणाऱ्या बोलण्याचें. मंडळ बसतें तें जनावरांच्या व त्यांच्या मालकांच्या हितासाठीं. म्हणून 'मला निवडून द्या, मी तुमची फी कमी करीन व पगार दुप्पट करीन' असें म्हणणारी उमेदवार आपल्या अधिकारांत नसलेली गोष्ट देऊं करते असें समजावें. खरी उमेदवार असें सांगेल कीं, रात्रपाळीच्या दवाखान्यांत काय घडतें हें मी पाहिलें आहे. शिकाऊ मुलींस काय येतें व काय येत नाहीं हें मला ठाऊक आहे. नियम करतांना तो अनुभव मी मंडळापुढें मांडीन. अनुभवाशिवाय केलेला नियम कागदावर चांगला दिसतो, पण गोठ्यांत चालत नाहीं. आमच्या नोकरींत आम्हीं असले हुकूम पुष्कळ पाहिले आहेत.

उमेदवारांच्या बोलण्यांत वारंवार येणारा एक प्रश्न नांवाच्या संरक्षणाचा आहे. १९८४ सालीं नांव मिळालें खरें, परंतु १९६६ च्या कायद्यानें तें केवळ नोंदलेल्यांसाठीं राखून ठेवलेलें नाहीं. कांहींही शिक्षण न झालेल्या माणसानें स्वतःस पशुपरिचारिका म्हणवून घेतलें तर एवढ्यावरून तो कायद्याचा गुन्हेगार ठरत नाहीं. जनावराच्या मालकास यांत धोका आहे, कारण आपल्या जनावरास हात लावणारा माणूस शिकलेला आहे कीं नाहीं हें नांवावरून कळत नाहीं. हा दोष कायदा बदलल्याशिवाय जाणार नाहीं, आणि कायदा बदलावा म्हणून नेट लावण्यास मंडळांत जाणतीं माणसें हवींत.

आतां या कथेंतील दुःखाची बाजू सांगतों. नोंदपटावर वीस हजारांहून अधिक परिचारिका असतां, त्यांतील बहुतेक मतच देत आल्या नाहींत. कामाचे तास लांब, घरचा व्याप निराळा, आणि 'माझ्या एका मतानें काय होणार' हा विचार. कारणें समजण्यासारखीं आहेत. परंतु परिणाम चुकत नाहीं. २०२४ सालीं कॉलेजनें कारभारांतील सुधारणांचा विचार पुढें मांडला, त्यांत सभासद निवडून न देतां, लायकी पाहून त्यांची नेमणूक करावी अशी सूचना होती. या सूचनेच्या बाजूनें बोलण्यासारखें नाहीं असें नव्हे. ब्रिटनमध्यें माणसांच्या डॉक्टरांचें व परिचारिकांचें नियमन करणाऱ्या कौन्सिलांत २००९ पासून सर्व सभासद नेमलेलेच असतात. ज्याच्या मतावर निवडून यावयाचें त्याच्याविरुद्ध कडक नियम करण्यास सभासद कचरेल, अशी शंका जनतेस येऊं नये, हा त्यामागील हेतु आहे, व तो वाईट नाहीं.

तरीही आमचें मत विचाराल तर, कांहीं जागा तरी निवडणुकीच्या राहाव्या असेंच आम्ही म्हणूं. नेमणूक करणारा कितीही निःपक्षपाती असला तरी तो ज्यांस ओळखतो व ज्यांचे कागद नीट लिहिलेले असतात त्यांचीच निवड सहज होते. खेड्यांतील दवाखान्यांत मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामांत रात्र काढणारी परिचारिका नेमणुकीच्या अर्जांत मागें पडेल. पण तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी तिला ओळखतात व मत देऊं शकतात. मात्र निवडणुकीची बाजू घेणारांस एका प्रश्नाचें उत्तर देणें कठीण जातें: 'तुम्हांस हक्क होता, तेव्हां तुम्हीं तो किती वापरला?' वहिवाट नसलेल्या हक्काचें काय होतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको. बांधावरून ये-जा ठेवली नाहीं तर वाटेचा हक्क शाबीत करतांना नाकीं नऊ येतात.

आपल्या देशांतील स्थिति थोडक्यांत सांगून हा लेख पुरा करतों. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १९८४ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेले पशुवैद्य आपल्यांतून अकरा सभासद परिषदेवर निवडून देतात. त्याच कायद्याच्या तिसाव्या कलमान्वयें, पदविका घेतलेल्या माणसांस पशुवैद्यांच्या देखरेखीखालीं किरकोळ उपचार करण्याची परवानगी राज्य सरकार देऊं शकतें. म्हणजे काम करण्याची वाट कायद्यानें ठेविली आहे, पण त्या कामाचे नियम ठरविणाऱ्या परिषदेसाठीं त्यांस मत नाहीं. ब्रिटनमधील व्यवस्था जशीच्या तशी येथें आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गुरांचे मालक आपण आहोंत; आपल्या जनावरांस रोज हात लावणाऱ्यांचें शिक्षण किती, नोंद कोठें व चुकीची दाद कोणाकडे मागावयाची, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. जेथें त्यांची नोंद होईल तेथें त्यांचें मतही असावें, हें आपणच बोलून दाखविलें पाहिजे.

आणि मताची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक शब्द. सोसायटीच्या वार्षिक सभेचें बोलावणें आलें म्हणजे पेरणीचें, लग्नाचें किंवा बाजाराचें निमित्त काढून घरीं बसणारे आपल्यांतही पुष्कळ आहेत. आम्हीही कित्येकदां तसे बसलों आहों, हें कबूल करतों. पुढें कर्जाचा नियम जाचला म्हणजे गाऱ्हाणें मात्र चावडीवर मोठ्यानें सांगतों. ब्रिटनमधील परिचारिकांनीं नांवासाठीं तेवीस वर्षें वाट पाहिली व मंडळासाठीं त्यानंतर अठरा. इतक्या कष्टानें मिळालेली जागा केवळ मतपत्रिका न भरल्यामुळें हातची जाण्याची वेळ यावी, याहून शोचनीय दुसरें काय? त्यांच्या उदाहरणावरून आपण एवढें जरी शिकलों कीं पुढच्या सभेस वेळेवर जाऊन बसावें, तरी हा लेख लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.