माळशिरस परिसरातील कंकर
कंकर (चुनखडीचे खडे) : सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील आधारखडक म्हणजे दक्षिण ट्रॅपचा, सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट होय. त्यामुळे गाळाच्या खडकांचे जाड थर येथे आढळत नाहीत. नीरा व भीमा यांचे गाळथर आणि त्यांतील कंकर एवढेच काय ते. बेसाल्टातील फेल्स्पार व पायरोक्सीन यांवर वातावरणक्रिया होऊन सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर झिरपते व पर्जन्यछायेतील कोरड्या हवेत कार्बोनेटाच्या रूपाने मातीत साचते. कंकर भाजून केलेला चुना मातीच्या अंशामुळे ओलाव्यातही घट्ट होतो. म्हणून सिमेंटापूर्वी विहिरी व बंधारे यांच्या बांधकामासाठी तो घाणीत मळून वापरीत. पिकांना मात्र हाच चुना जाचक ठरतो : चुनखडीयुक्त जमिनीत लोह उपलब्ध होत नाही व उसावर केवडा पडतो.