भावंडांची साथ, एचआयव्हीला आळा

रक्षाबंधन आणि भाऊबीज आपल्याकडे घरोघरी साजरी होते. बहिणीचे रक्षण भावाने करायचे, ही आपली रीत. पण भावाच्या जिवाची काळजी बहिणीने किंवा दुसऱ्या भावाने घेण्याची वेळ आली तर? ज्या तरुणाला पुरुषांचेच आकर्षण वाटते, त्याच्या घरात ही वेळ पुष्कळदा येते. तिच्याविषयी बोलत मात्र कोणी नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ती रोगांच्या यादीतून वगळली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला. अशा तरुणाला 'बरे' करून देतो असे सांगणाऱ्या डॉक्टरांचे वर्तन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

मग एचआयव्हीचा संबंध कोठे येतो? गुदमार्गाचे आतील अस्तर नाजूक असते. त्यामुळे निरोध न वापरता आलेल्या गुदसंबंधातून विषाणूची लागण होण्याचा धोका अधिक असतो. पण लपवाछपवीही तितकीच घातक ठरते. ज्याला घरात बोलता येत नाही, तो दवाखान्यातही बोलत नाही. संबंध घाईगर्दीत, चोरून येतात. निरोध जवळ नसतो, आणि असला तरी त्याचा आग्रह धरण्याचे धैर्य नसते.

अमेरिकेत गोऱ्या आणि लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकी, कुटुंबांतील २२४ समलिंगी व उभयलिंगी तरुण-तरुणींचा अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयात घरच्यांनी ज्यांना फार झिडकारले होते, त्यांच्यात असुरक्षित संबंधांचे प्रमाण इतरांपेक्षा ३.४ पट आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण ८.४ पट आढळले. लॅटिनो घरेही आपल्यासारखीच: एकत्र राहणारी, धर्म आणि अब्रू जपणारी. हा अभ्यास प्रामुख्याने आईवडिलांच्या वागण्याविषयी होता. पण आईवडिलांशी बोलणे जमत नसेल, तर घरात पहिला आधार उरतो तो भावंडांचाच.

आपल्या जिल्ह्यातील पारनेर, अकोले, संगमनेर भागांतली कितीतरी मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि सुरुवातीला थोरल्या भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी उतरतात. मनातली गोष्ट बोलण्याची संधी तेथेच मिळते. ती आली तर भावंडांनी काय करावे?

१) शांतपणे ऐकून घ्यावे. 'कोणी नादी लावले?' असे विचारू नये. सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही सांगू नये.

२) 'दोनाचे चार हात केले की सुधारेल' या सल्ल्याला साथ देऊ नये. अशा लग्नात दोन आयुष्ये कोमेजतात. नवऱ्याला लागण झालेली असेल, तर ती पत्नीला आणि पुढे बाळालाही होऊ शकते.

३) निरोधाविषयी स्पष्ट बोलावे. सोबत पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास निरोध फाटू शकतो. वारंवार जोखीम येत असेल, तर लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या 'प्रेप' गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

४) जोखमीचा संबंध घडला असल्यास वेळ दवडू नये. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, प्रतिबंधक औषधे सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात.

५) तपासणीला त्याच्यासोबत जावे. जिल्हा रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. लागण झाल्यानंतर लगेच चाचणीत दिसेलच असे नाही, म्हणून समुपदेशक सांगतील तेव्हा चाचणी पुन्हा करावी. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल गोपनीय ठेवावा लागतो.

अहवाल 'पॉझिटिव्ह' आला तरी जग संपत नाही. २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटी औषधे मोफत मिळतात. ती रोज न चुकता घेतली तर रक्तातील विषाणू इतके घटतात की तपासणीत सापडत नाहीत. ही स्थिती टिकून राहिली तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण औषधे खंड न पाडता, आयुष्यभर घ्यावी लागतात. गोळी घेतली का, हे रोज आठवणीने विचारणारे माणूस घरात असले तर हे सोपे जाते. एका ताटात जेवल्याने, एकाच अंथरुणावर झोपल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने एचआयव्ही पसरत नाही. त्याचे ताट-वाटी वेगळे काढू नये.

एचआयव्हीग्रस्तांना आपले मानण्याची शिकवण नगरला नवी नाही. १९८९ मध्ये येथे सुरू झालेल्या 'स्नेहालय' संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधित बालके यांना आधार दिला. परक्यांना जे जमले, ते सख्ख्या भावंडांना का जमू नये?

अधिक माहितीसाठी १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मोफत दूरध्वनी करता येतो. भावाला हा क्रमांक द्यावाच. पण फोन लावताना त्याच्या शेजारीही बसावे.