सान्तियागोच्या वाटेपूर्वीचे हिशेब

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसिया प्रांतातील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या नगरात प्रेषित संत याकोब चिरविश्रांती घेत आहे, ही श्रद्धा नवव्या शतकाच्या आरंभी, इरिया फ्लाविआचा बिशप तेओदोमिरो याला ते थडगे सापडल्याच्या वार्तेबरोबर दृढ झाली आणि तेव्हापासून युरोपातील राजे, भिक्षू, शेतकरी आणि शिक्षा म्हणून पाठवलेले अपराधीसुद्धा त्या दिशेने पायी चालत आले आहेत. वसई तालुक्यातील आगाशीचे चर्च याच प्रेषिताच्या नावाने उभे असल्यामुळे, त्या परिसरातील एखाद्या भाविकाच्या मनात या वाटेने वर्षानुवर्षे घर केले असेल, तर त्यात नवल नाही. माझ्याही मनात तिने तसेच घर केले आहे. आणि आता जाण्याचा निश्चय झाल्यावर, तयारीविषयी जे जे वाचले आणि विचारले त्यात पायांची व पाठीवरील बोजाची चर्चा मुबलक असली, तरी जुना यात्रेकरू ज्या गोष्टीला तयारीचा पाया मानीत असे तिचा उल्लेख अभावानेच आढळला.

पायांची चर्चा निरर्थक मुळीच नव्हे. फ्रान्सच्या हद्दीतील सेंट-झाँ-पिए-द-पोर या गावापासून निघणारी आणि सर्वांत अधिक चालली जाणारी वाट सुमारे ७८० किलोमीटरांची आहे, आणि तिचा कठीण दिवस पहिलाच: पिरेनीज पर्वतावर बाराशे मीटरांहून अधिक चढून पलीकडे रोन्सेस्वायेसच्या मठापाशी उतरावे लागते. हा उंचावरील रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो, म्हणून वसंत किंवा शरद ऋतूच साधावा. सह्याद्रीतील गडांवर सराव करणाऱ्याने चढाचा दम जरूर कमवावा, परंतु गुडघे खरे कुरकुरतात ते उतारावर. शिवाय एका दिवशी तीस किलोमीटर चालणे निराळे आणि दुसऱ्या दिवशी ठणकत्या पायांनी पुन्हा वीस चालणे निराळे, तेव्हा लागोपाठच्या दिवसांचा सराव हाच सराव समजावा. चालता चालता पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा एक अंक मोठे घ्यावेत व घरीच झिजवून मऊ करावेत. बोजा देहाच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावा हा अनुभवी लोकांचा दंडक आहे. साठ किलोच्या माणसाला सहा किलो, आणि त्यातले पाणीच एक-दीड किलो भरते, हे लक्षात घेतले म्हणजे दुसरी जादा विजार किंवा जाड पुस्तक पिशवीतून आपोआप बाहेर येते.

जुन्या यात्रेकरूच्या तयारीकडे वळायचे, तर बाराव्या शतकात सिद्ध झालेल्या 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखिताच्या पाचव्या भागात वाटेवरील कोणत्या नदीचे पाणी प्यावे आणि कोणते टाळावे इथपर्यंत तपशील दिलेला आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागातील एक प्रदीर्घ प्रवचन मला अधिक मोलाचे वाटते. यात्रेकरूला आशीर्वादपूर्वक दिल्या जाणाऱ्या झोळीचे आणि काठीचे विवरण त्यात येते. झोळी अरुंद असते, कारण थोडी शिदोरी घेऊन उरलेला भार परमेश्वरावर टाकायचा. ती मेलेल्या जनावराच्या चामड्याची असते, कारण देहाच्या वासना मारायच्या. आणि तिचे तोंड कधीच बांधलेले नसते, कारण घेणे आणि गरजवंताला देणे ही दोन्ही सदैव चालू राहायची. काठी हा यात्रेकरूचा तिसरा पाय, त्रैक्यावरील श्रद्धेची खूण. पण ही झोळी खांद्यावर घेण्यापूर्वी काय करावे तेही प्रवचनकाराने सांगितले आहे: ज्यांनी आपला अपराध केला त्यांना क्षमा करावी, अन्यायाने जवळ ठेवलेली वस्तू ज्याची त्याला परत करावी, आपल्या हातातले तंटे मिटवावेत, धर्मगुरूची, पत्नीची आणि ज्यांच्याशी आपण बांधलेले आहोत त्या सर्वांची अनुज्ञा घ्यावी आणि घराची व्यवस्था लावून द्यावी.

यामागे केवळ भाविकता नव्हती. रोगराई, वाटमारी आणि थंडी यांमुळे गेलेला माणूस परत येईलच असे घरातील कोणी धरून चालत नसे. म्हणून मृत्युपत्र करणे आणि देणी चुकती करणे हा प्रस्थानाचाच एक विधी होता. आज खिशातील फोनमुळे सगळे मागाहून निस्तरता येईल असा भरवसा वाटतो, आणि त्या भरवशामुळेच ही अर्धी तयारी गळून पडली असावी. मला ती आवश्यक वाटते, कारण ज्या भावाशी वाटणीवरून बोलणे तुटले आहे तो लेओनच्या उजाड पठारावरही बरोबर चालणारच. सहा किलोच्या हिशेबात त्याचे वजन कोणी धरीत नाही, एवढेच.

व्हिसाचे दस्तऐवज आणि वैद्यकीय विमा यांचे सोपस्कार झाले की 'क्रेदेन्सियाल' हा यात्रेकरूचा परवाना हाती घ्यावा. तो दाखवल्याशिवाय 'आल्बेर्गे' म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत सहसा जागा मिळत नाही, आणि मुक्कामोमुक्काम त्यावर शिक्के उमटत जातात. वाट चुकण्याचे भय मात्र बाळगू नये. ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांनी १९८४ पासून पिवळा रंग घेऊन दगडांवर, झाडांवर, घरांच्या कोपऱ्यांवर बाण रंगवले, आणि विस्मृतीत चाललेली ही वाट पुन्हा माणसांनी भरली, यात त्या एका पुरोहिताच्या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे.

शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालून आलेल्याला सान्तियागोच्या कचेरीत, शिक्के तपासून आणि येण्याचा हेतू विचारून, लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र दिले जाते. एखाद्या आजारी किंवा दिवंगत व्यक्तीच्या वतीने आपण चाललो असे सांगितल्यास त्या व्यक्तीचे नावही त्यावर नोंदवता येते. या नोंदीची माहिती अनेकांना तिथे रांगेत उभे राहिल्यावर होते. माझ्या मते ते नाव घर सोडण्यापूर्वीच ठरवावे, ती व्यक्ती हयात असेल तर तिला भेटून तसे सांगावे, आणि तिच्याशी काही देणे-घेणे, काही राग-रुसवा शिल्लक असेल, तर हिशेबाचा आरंभ तिच्यापासूनच करावा.