आपला गडी, परका संघ

क्रिकेटचा हंगाम जवळ आला, कीं आमच्या साताऱ्याच्या घरीं सोप्यावर एक हिशेब सुरू होतो. संघांत कोण आला, कोण सोडून गेला, आणि या देवघेवींत आपलें पारडें किती जड झालें, याचा तो हिशेब. २०२५ सालीं महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्यें ‘सातारा वॉरियर्स’ या नांवाचा संघ उतरला, तेव्हां माझ्या पुतण्याच्या मुलानें लिलावांत घेतलेल्या खेळाडूंचीं नांवें एका कागदावर मांडलीं, प्रत्येकापुढें धावा व बळी लिहिले, आणि आपला संघ शेवटच्या चारांत जाणारच असें सर्वांस पटवून दिलें. आमच्या वडील वहिनी मेथी निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करितां एवढेंच विचारलें, “यांतले साताऱ्याचे किती रे?” मुलगा अडखळला. लिलावांत गांव पाहत नाहींत, असें तो म्हणाला. आणि तें खोटें नाहीं.

वहिनींचा प्रश्न आमच्या घरास नवा नव्हे. या प्रश्नापायीं माझे आजोबा आणि त्यांचे मेहुणे यांच्यांत कित्येक वर्षें गोड भांडण चाललें होतें. आजोबा साताऱ्यास वकिली करीत. मेहुणे, म्हणजे माझ्या वडिलांचे आतोबा, सांगलीस शाळेंत शिक्षक होते. दोघांनाही क्रिकेटचें वेड. खेळण्याचें नव्हे, वाचण्याचें. पुण्याचें वर्तमानपत्र हातीं आलें, कीं धावफलक पाठ होई, आणि मग कार्डें जात. आरंभीं प्रकृतिमान, पाऊसपाणी, मुलीच्या स्थळाची चौकशी. आणि मग खालची सगळी जागा, कडेच्या कोऱ्या पट्टीसह, क्रिकेटनें भरलेली. तीं कार्डें मीं लहानपणीं वाचलीं आहेत. पुढें कसरीनें त्यांचा निकाल लावला.

भांडणाचा विषय एकच होता : विजय हजारे.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस झाला. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळाशिक्षक, भावंडें आठ. आतोबांना या मुलाचा अभिमान वाटे त्याचें अर्धें कारण सांगली हें, आणि उरलेलें अर्धें तो शिक्षकाचा मुलगा हें असावें. हजारे १९३४-३५ च्या हंगामांत महाराष्ट्राकडून उतरले, मध्यंतरीं मध्य हिंदुस्थानच्या संघाकडून खेळले, ऑस्ट्रेलियाचा प्रख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचें मार्गदर्शन त्यांना लाभलें, आणि १९३९-४० मध्यें ते पुन्हां महाराष्ट्राच्या संघांत आले. त्या संघाचे कप्तान प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे अध्यापक. त्या वर्षीं पुण्यास बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनीं नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकाच्या सामन्यांतलें हें पहिलें त्रिशतक. महाराष्ट्रानें अंतिम सामन्यांत संयुक्त प्रांतास हरवून करंडक जिंकला. पुढच्या वर्षीं मद्रासेस जाऊन मद्रासला हरविलें आणि तो राखला. याच दुसऱ्या वर्षीं देवधरांनीं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. आजोबांच्या त्या वर्षींच्या कार्डांत प्रकृतिमानाचा मजकूरही वगळलेला होता.

आणि १९४१ मध्यें हजारे बडोद्यास गेले. ज्या बडोद्याविरुद्ध त्यांनीं त्रिशतक ठोकलें, त्याच बडोदे संस्थानानें त्यांना आपल्या सेवेंत घेतलें.

आजोबांनीं मांडलेलें गणित असें : रणजी करंडक त्या काळीं बाद पद्धतीनें खेळला जाई. एकदां हरलें, कीं त्या वर्षापुरतें सारें संपलें. प्रथम विभागांतले सामने, मग विभागांचे विजेते परस्परांविरुद्ध. महाराष्ट्र आणि बडोदें हे दोन्ही पश्चिम विभागांतले. तेव्हां हजारे मद्रासेस किंवा बंगालला जाते तर महाराष्ट्राची एकपट हानि झाली असती. बडोद्यास गेल्यानें ती दुप्पट झाली, कारण आपल्या वाटेंतला धोंडा तेवढाच मोठा झाला. शिवाय हजारे नुसते फलंदाज नव्हते. मध्यमगति गोलंदाजीनें त्यांनीं प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकूण ५९५ बळी घेतले, आणि शतकें साठ केलीं. एक माणूस गेला म्हणजे दोन गेले. आणि दोन गेले ते शेजाऱ्याकडे गेले, म्हणजे फरक चारांचा. वकिलाचें गणित पक्षपाती असतें, परंतु हें चुकीचें नव्हतें. बडोद्यानें १९४२-४३ मध्यें करंडक जिंकला. महाराष्ट्रानें १९४०-४१ नंतर आजतागायत तो जिंकलेला नाहीं. अंतिम सामन्यापर्यंत जाऊन मात्र तीनदां परत आला आहे. या सर्वांचें खापर एका माणसाच्या जाण्यावर फोडणें अर्थातच अन्यायाचें होईल. देवधरही म्हातारे होत चालले होते.

आतोबांचें उत्तर एका ओळीचें असे. मुलाला महाराष्ट्रानें काय दिलें?

या प्रश्नापुढें आजोबांची वकिली लंगडी पडे. रणजीच्या सामन्यांवर पोट भरतां येत नसे. मुंबईकडे निदान पेढ्या होत्या, कचेऱ्या होत्या. पुण्या-सांगलीकडे खेळाडूस काय होतें? टाळ्या आणि हार. संस्थानिकांपाशीं मात्र नोकऱ्या होत्या. नवानगरनें १९३६-३७ मध्यें करंडक जिंकला तो थेट इंग्लंडांतल्या ससेक्सच्या वेन्स्लीला कप्तान करून. इंदुरास होळकरांनीं नागपूरचे सी. के. नायुडू नेले, आणि त्यांच्याभोंवतीं असा संघ उभा केला, कीं १९४४-४५ पासून अकरा हंगामांत तो दहा वेळां अंतिम सामन्यांत पोहोंचला. बडोद्यानें लाहोरचा गुल महंमद आणिला, पुण्यांत जन्मलेले हेमू अधिकारी नेले, आणि सांगलीचे हजारे. आज लिलाव होतो, तेव्हां राजाची मर्जी होती; मर्जींत हातोडीचा आवाज होत नसे एवढेंच.

नामांकित खेळाडू गोळा केले म्हणजे विजय ठरलाच, असें मात्र तेव्हांही नव्हतें. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. युद्धामुळें तो लष्करांतून महूस आलेला होता. त्यानें नाबाद २४९ धावा केल्या, आणि होळकर संघ मुंबईकडून ३७४ धावांनीं हरला. आजोबांना त्या दिवशीं विलक्षण समाधान झाल्याचें वडील सांगत. त्यांना मुंबई आवडत नसे, तरीही.

परंतु आमच्या घरांत खरी अडचण झाली ती डिसेंबर १९४३ मध्यें, आणि ती रणजीमुळें नव्हे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत : हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि उरलेल्यांचा ‘इतर’. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते इतरांत. त्या वर्षीं अंतिम सामना हिंदु विरुद्ध इतर असा झाला. आमच्यासारख्या घरांत हिंदु संघ हा आपला, याविषयीं कोणाच्या मनांत शंका येत नसे. सामन्याआधींची चढाओढही मोठी चमत्कारिक होती. हजाऱ्यांनीं उपांत्य सामन्यांत २४८ धावा करून विक्रम केला. अंतिम सामन्यांत हिंदूंच्या विजय मर्चंटांनीं नाबाद २५० करून तो मोडला. हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३. त्यांत हजारे ५९. दुसऱ्या डावांत इतर ३८७, आणि त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. त्यांचे बंधु विवेक यांच्यासह तीनशें धावांची भागीदारी झाली, तींत विवेकच्या धावा अवघ्या एकवीस. हिंदु डावानें व ६१ धावांनीं जिंकले.

आजोबांचें त्या आठवड्याचें कार्ड मला चांगलें आठवतें. पहिल्या ओळींत आपण जिंकल्याचा आनंद. मग अक्षर बारीक होत गेलेलें. दोन्ही डाव मिळून इतरांच्या ५२० धावा, त्यांपैकीं ३६८ हजाऱ्यांच्या; बाकीच्या दहांचें, अवांतर धरून, १५२. ही वजाबाकी त्यांनीं कार्डाच्या कडेला करून पाहिली होती. खालीं लिहिलें होतें, कीं आपल्या बाजूनें कोण आणि विरुद्ध कोण हें आज नीटसें कळेनासें झालें आहे. आतोबांनीं या पत्रास उत्तर पाठविलें नाहीं. मला वाटतें तें शहाणपणाचें होतें. ते सामने पुढें दोनतीन वर्षांत कायमचे बंद पडले, आणि तें बरें झालें.

मार्च १९४७ मध्यें बडोद्यास अंतिम सामना झाला, बडोदें विरुद्ध होळकर. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. मग हजारे आणि गुल महंमद यांनीं चवथ्या गड्यासाठीं ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या एकूण ७८४. ही भागीदारी जगांत सर्वांत मोठी म्हणून ५९ वर्षें टिकली. २००६ मध्यें श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनीं ६२४ करून ती मागें टाकिली. एक फलंदाज सांगलीचा, एक लाहोरचा, आणि दोघांचें अन्न बडोद्याचें. त्यानंतर पांच महिन्यांत लाहोर परदेश झालें. आतोबांनीं सांगलीस शेजारीपाजारी साखर वांटली. आजोबांनीं वर्तमानपत्र घडी करून ठेवून दिलें आणि त्या दिवशीं क्रिकेट हा शब्द काढला नाहीं.

पुढच्या वर्षीं, डिसेंबर १९४८ मध्यें, त्यांचे दिवस पालटले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनीं पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असतां प्रतिपक्षाच्या कप्तानानें, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनीं, सामना सोडून दिला. आजोबांचा संताप आणि आनंद एकाच कार्डांत मावेना, म्हणून दोन कार्डें गेलीं. आपलीं मुलें आपल्याकडे राहिलीं तर काय होतें पाहा, असा त्यांचा सूर होता. पुढें निंबाळकरही होळकरांकडे गेले.

संस्थानें विलीन झालीं आणि मर्जीचा काळ सरला. मग खेळाडूंचा सांभाळ रेल्वेनें, बँकांनीं, कारखान्यांनीं केला. हजारे बडोद्यासच राहिले आणि १८ डिसेंबर २००४ रोजीं तेथेंच निवर्तले. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासेस हिंदुस्थाननें इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळविला, त्या संघाचे कप्तान तेच होते. त्या दिवशीं साताऱ्याहून सांगलीस तार गेली. तारेंत अभिनंदन एवढाच शब्द होता. आतोबांनीं ती कांच लावून भिंतीवर लाविली होती.

त्या साऱ्या पत्रव्यवहारांत एका गोष्टीचा उल्लेखही नाहीं, आणि तो नसणें त्या काळीं कोणास खटकलें नसतें : मुली. सांगलीच्या माधवनगरांत वाढलेली स्मृति मानधना नऊ वर्षांची असतां महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघांत आली. २०१३ मध्यें, एकोणीस वर्षांखालील सामन्यांत, तिनें महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या, त्याही बडोद्यासच. १३ फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबईस महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, तेव्हां पहिलें नांव तिचें पुकारलें गेलें आणि बंगळूरच्या संघानें तिला ३ कोटी ४० लाख रुपयांस घेतलें. आमच्याकडे पुन्हां कागद आला, पुन्हां बेरीज झाली. एवढी नामांकित कप्तान, तेव्हां बंगळूर जिंकणारच! तो संघ पहिले पांच सामने ओळीनें हरला. मार्च २०२४ मध्यें त्याच कप्तानाखालीं दिल्लीला आठ गडी राखून हरवून तो विजेता झाला. सांगलीकडच्या आमच्या नात्यांतल्या मुली बंगळूरचे लाल सदरे घालून बसल्या होत्या. त्यांच्यापैकीं एकीनेंही बंगळूर पाहिलेलें नाहीं.

आजोबांप्रमाणें मलाही प्रथम वाटे, कीं ही निष्ठा कच्ची. आतां वाटत नाहीं. माणूस आपला असला तर तो जाईल तेथें मन जातें. संघ आपला असला तर तेथें येईल तो माणूस आपला होतो. हीं दोन्ही वेडें एकाच घरांत नांदूं शकतात, हें आमच्या घरानें पुरेसें पाहिलें आहे. बेरजेचा कागद मात्र यांपैकीं कोणत्याच वेडाला मोजीत नाहीं, म्हणून तो फसतो.

२०२५-२६ च्या हंगामाआधीं मुंबईचा पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला, आणि ऑक्टोबरमध्यें त्यानें चंडीगडविरुद्ध २२२ धावा केल्या. आमच्या मुलानें सारें घर डोक्यावर घेतलें. मीं त्यास म्हटलें, “अरे, मुंबईंत कोणी म्हातारा आज वर्तमानपत्र घडी करून बसला असेल.”

“बसूं दे कीं, आजोबा,” तो म्हणाला, “मुंबईनें त्याला ठेवून घ्यायचें होतें.”

वहिनी आंतून म्हणाल्या, “हा थेट सांगलीच्या आतोबांवर गेला.”