चार कोअरवर अडलेली दहा वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यातली बरीच धडधाकट यंत्रं एका दिवसात म्हातारी ठरली. विंडोज ११ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. जानेवारी २०१७चा कोअर आय-७ ७७००के सातव्या पिढीचा. रेंडर तो आजही करतो; यादीत मात्र नाही.

हे यंत्र इथवर कसं आलं, ते मागून सांगायला हवं. पेंटियम ४च्या काळाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. गिगाहर्ट्झचा आकडा वाढवत नेला, चिप तापू लागली, २००४मध्ये इंटेलने पुढची टेहास चिपच रद्द केली. संपलं.

खरा काळ २००७नंतरचा. त्या जानेवारीत कोअर २ क्वाड क्यू६६०० आला, चार कोअरचा. महाराष्ट्रात तेव्हा लोडशेडिंग ऐन भरात होतं. लग्नाचं काम रात्री रेंडरला लावायचं आणि झोपायचं, तर पहाटे वीज जायची. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. त्यामुळे पंच्याण्णव टक्क्यांवर काम तुटलं तरी हाती आलेली फाइल उघडत नसे. पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसरचा वेग आम्ही गिगाहर्ट्झमध्ये मोजतच नव्हतो. वीज जायच्या आत एक्सपोर्ट संपतं का, एवढंच बघायचो.

२०११चा सँडी ब्रिज म्हणूनच लाडका. आय-७ २६००के! शिवाय क्विक सिंक: व्हिडिओ दाबण्यासाठी चिपमध्येच वेगळं सर्किट. झपाट्याने काम करायचं, पण त्याच बिटरेटला चित्र एक्स२६४ या सॉफ्टवेअर एन्कोडरइतकं स्वच्छ येत नसे, म्हणून नवरीच्या शालूची जर जपणारे लोक कोअरवरच रेंडर लावत.

आणि इथून पुढे कंजुषी सुरू झाली. २०१२च्या आयव्ही ब्रिजपासून नेहमीच्या डेस्कटॉप चिपांवर झाकणाखालचं सोल्डर काढून थर्मल पेस्ट भरली. कोअर चारच. कॅमेरे मात्र थांबले नव्हते. २०१४मध्ये पॅनासॉनिकचा जीएच४ ४के टिपू लागला. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल. दर पिढीला प्रोसेसरचा वेग थोडा वाढे, हे खरं. पण २६००केपासून ७७००केपर्यंत सहा वर्षं कोअर तेवढेच. आठ हवेत? २०१६चा ६९००के होता की, हजार डॉलरच्या वर!

सगळा दोष एकट्या इंटेलला देणंही बरोबर नाही. एएमडीचा २०११चा बुलडोझर आठ कोअरचा म्हणून विकला गेला; त्यात दोन-दोन कोअरना दशांश गणिताचं एकच युनिट सामाईक होतं. ग्राहकांचा दावा २०१९मध्ये १.२१ कोटी डॉलरवर मिटला. प्रतिस्पर्धी असा असल्यावर इंटेल कशाला घाम गाळेल?

मार्च २०१७मध्ये एएमडीचा रायझन आला. आठ कोअर, सोळा थ्रेड, ३२९ डॉलरपासून. त्याच ऑक्टोबरात इंटेलला त्याच वर्गात सहा कोअर देणं अचानक जमलं. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नव्हतीच, असं माझं मत आजही कायम आहे.

आता तर व्हिडिओ उलगडणं-दाबणं बरंचसं कोअरकडून काढून वेगळ्या मीडिया सर्किटांना दिलंय. अ‍ॅपलच्या एम मालिकेने ते सगळ्यांना दाखवून दिलं. सोय झाली, पण नवी मेखही आली. तुमच्या कॅमेऱ्याचा फॉरमॅट, समजा दहा-बिट ४:२:२, त्या सर्किटाला कळत नसेल तर सगळा भार पुन्हा कोअरवर येतो आणि महागड्या यंत्रावरही टाइमलाइन अडखळते. खोक्यावर हे कोणी छापत नाही.

तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, पेनड्राइव्हमध्ये स्वतःच्या कॅमेऱ्याचं फुटेज न्या, दुकानातल्या यंत्रावर रेंडर लावून बघा आणि मगच पैसे मोजा. जुना ७७००के भंगारात देऊ नका. लिनक्सवर केडेनलाइव्ह हा व्हिडिओ एडिटर तो अजून नीट चालवतो.