मित्राला लायब्ररीचा पासवर्ड दिला तर काय होतं?

जुन्नर, ओतूर, मंचरच्या कॉलेजांत लायब्ररी म्हणजे आता फक्त पुस्तकांची कपाटं नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेतून अनुदानित कॉलेजांना ई-पुस्तकं, नियतकालिकं मिळतात. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. तेच कुणी ग्रुपवर टाकतं, मग कुणी एका रात्रीत शेकडो पीडीएफ उतरवतं. असं घाऊक डाउनलोड दिसलं की प्रकाशक अख्ख्या संस्थेचा प्रवेश थांबवू शकतो. म्हणजे चूक एकाची, प्रोजेक्ट अडणार सगळ्यांचे.

शिक्षा? खातं बंद होऊ शकतं, प्रकरण प्राचार्यांपर्यंत जाऊ शकतं. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीच्या हेतूने वापरला, तर आयटी कायदा २००० चं कलम ६६-सी लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. मित्राने स्वतःहून दिलेला पासवर्ड या कलमात सहज बसत नाही. कॉलेजचा नियम मात्र मोडतो.

पण पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या, घरी धड रेंज नसलेल्या मुलाला लायब्ररीच बंद करणं ही फार मोठी शिक्षा आहे. आरोप काय ते लेखी मागा. बाजू मांडायची संधी मिळायलाच हवी. आणि तुमचं लॉगिन दुसरंच कुणी वापरतंय असं वाटलं, तर पासवर्ड बदलून ग्रंथपालांना त्याच दिवशी लेखी कळवा.